विनियोग दाखल्यामागचे दप्तर

शासनाने एखाद्या स्थानिक संस्थेस विवक्षित कामासाठी पैसा दिला, तो पैसा त्याच कामावर खर्ची पडला, आणि तसे झाल्याचे त्या संस्थेने आपल्या सहीशिक्क्यानिशी शासनास कळविले, हा व्यवहार ज्या कागदावर पुरा होतो त्यास आपल्या सरकारी दप्तरात विनियोग दाखला किंवा उपयोगिता प्रमाणपत्र असे म्हणतात. कागद जेमतेम एक-दोन पानांचा असतो. परंतु परभणीसारख्या जिल्ह्यात एखाद्या वाडीला नळाचे पाणी केव्हा मिळेल, अर्धवट राहिलेल्या अंगणवाडीवर छप्पर केव्हा चढेल, याचा निर्णय पुष्कळदा याच कागदावर अवलंबून असतो, कारण पहिल्या हप्त्याचा हिशेब पोहोचल्याखेरीज दुसऱ्या हप्त्याचा आदेश निघत नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक राज्याच्या वित्तव्यवस्थेवरील आपल्या अहवालांतून प्रलंबित विनियोग दाखल्यांचा विषय वर्षामागून वर्षे मांडत आले आहेत. तरीसुद्धा सामान्य वाचकास हा विषय कारकुनी खटाटोपाचा वाटतो आणि तो त्याकडे पाठ फिरवितो. तसे करू नये, असे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठी वसलेला परभणी जिल्हा परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा अशा ९ तालुक्यांचा आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार इतकी आहे. निजामी अमलात हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेला १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम अमलात येऊन १ मे १९६२ रोजी राज्यभर ज्या जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्यांत परभणीचीही जिल्हा परिषद होती. पुढे १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि २०११ साली परभणी शहराची नगरपालिका महानगरपालिका झाली. संस्था अशा वाढत गेल्या, परंतु त्यांची स्वतःच्या उत्पन्नाची साधने त्या मानाने वाढली नाहीत. घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजारकर यांवर कोरडवाहू गावाचा कारभार चालणे कठीण. म्हणून ग्रामनिधीचा मोठा भाग शासकीय अनुदानाचा असतो, आणि अनुदान म्हटले की त्याच्याबरोबर शर्ती आल्या, शर्तींबरोबर हिशेब आला, आणि हिशेबाबरोबर जाब आला.

या शर्ती कशा असतात ते पंधराव्या वित्त आयोगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात आलेल्या निधीपैकी ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना आणि १० टक्के जिल्हा परिषदांना, अशी वाटणी ठरली. एकूण रकमेपैकी ४० टक्के निधी अबंधित, म्हणजे गावाच्या निकडीप्रमाणे वापरण्याजोगा, परंतु पगार व आस्थापना यांवर मात्र खर्च न करण्याचा. उरलेला ६० टक्के बंधित, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. शिवाय मागील वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्यामागील वर्षाचे तपासलेले लेखे सर्व लोकांना पाहता येतील असे प्रसिद्ध केल्यावाचून अनुदानास पात्रता नव्हती. आणि जेथे रीतसर निवडून आलेली सभा अस्तित्वात नव्हती त्या संस्थेस हा निधी नव्हता. शिस्तीचे हे बंधन वरच्यांवरही होते: केंद्राकडून रक्कम आल्यापासून १० कामकाजी दिवसांत राज्य शासनाने ती पुढे पाठवावी, विलंब झाल्यास व्याजासह द्यावी, अशी तजवीज होती.

आता विनियोग दाखला प्रत्यक्षात काय वदवून घेतो ते पाहू. केंद्रीय अनुदानाकरिता २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत जो नमुना दिला आहे, त्यात आरंभीची शिल्लक, वर्षात मिळालेली रक्कम, व्याज, खर्च आणि अखेरची शिल्लक हे आकडे तर असतातच. परंतु त्या आकड्यांखाली सही करणारा अधिकारी आणखी बरेच काही प्रमाणित करीत असतो. मुख्य लेखे आणि मत्तांच्या नोंदवहीसह सर्व दुय्यम नोंदवह्या विहित रीतीने ठेवल्या आहेत. सार्वजनिक पैशाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी अंतर्गत नियंत्रणे अस्तित्वात आहेत व ती परिणामकारक आहेत की नाहीत याची वेळोवेळी परीक्षा होते. योजनेच्या अंमलबजावणीतील प्रमुख व्यक्तींच्या जबाबदाऱ्या मोघम न ठेवता स्पष्टपणे नेमून दिल्या आहेत. लाभ ज्यांच्यासाठी होता त्यांनाच पोहोचला आहे. अशा अर्थाची विधाने त्या नमुन्यात छापलेलीच असतात. सही करणाऱ्याने ती वाचली वा न वाचली तरी ती त्याच्या नावे रुजू होतात. म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की, विनियोग दाखला ही वर्षभर पाळलेल्या शिस्तीची साक्ष आहे, आणि ती शिस्त पाळली नसेल तर मार्चअखेरच्या रात्री कितीही जागून तयार केलेला दाखला खरा ठरू शकत नाही.

अंतर्गत नियंत्रण हा शब्द नवा असला तरी त्यातील तत्त्व आपल्या लोकांस अपरिचित नाही. शिवकालीन किल्ल्यांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी समान दर्जाने नेमण्याची पद्धत होती, ती याच बुद्धीने. किल्ल्या एकाच्या ताब्यात, शिबंदी दुसऱ्याच्या देखरेखीखाली आणि हजेरी व हिशेब तिसऱ्याच्या हाती, म्हणजे तिघांनी संगनमत केल्याखेरीज गड दगा देऊ शकत नसे. आजच्या ग्रामपंचायतीत हीच विभागणी वेगळ्या रूपाने आहे. कोणते काम घ्यावयाचे ते ग्रामसभेने विकास आराखड्यात ठरवावे. त्याचे अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता अभियंत्याने द्यावी. प्रशासकीय मान्यता सक्षम अधिकाऱ्याने किंवा सभेने द्यावी. माल किंवा काम दरपत्रके अथवा निविदा मागवून घ्यावे. झालेले काम मोजणारा वेगळा, देयक तपासणारा वेगळा. आणि पैसा द्यावयाचा तो सरपंच व ग्रामसेवक, म्हणजे ज्यांस आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ते, या दोघांच्या सहीने. या साखळीतील प्रत्येक कडी पुढील कडीस अडविण्यासाठी समर्थ असली पाहिजे. ज्या माणसाने काम सुचविले त्यानेच मोजले आणि त्यानेच पैसे दिले, तर कागद पूर्ण दिसतील, परंतु तपासणी मात्र एकही झालेली नसेल.

हे तत्त्व मातीत उतरल्यावर कसे दिसते ते पाहावयाचे असेल तर पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील एखाद्या गावी नळयोजनेची वाहिनी टाकण्याचे काम चालले आहे असे समजा. परभणीची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या हालचालीत उथळ पुरलेल्या नळाचे सांधे निखळतात. म्हणून खोदाईच्या खोलीला येथे विशेष महत्त्व. अंदाजपत्रकात ८०० मीटर लांब, ०.६ मीटर रुंद आणि १ मीटर खोल असा चर धरला असेल तर खोदाई ४८० घनमीटर होते. प्रत्यक्षात चर ०.७ मीटरच खोल गेला तर ती ३३६ घनमीटर भरते. मधले १४४ घनमीटर कोठे गेले, हे चर बुजविल्यानंतर ब्रह्मदेवासही सांगता यावयाचे नाही. म्हणून जे मोजमाप पुढे झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वीच मोजमाप पुस्तिकेत चढले पाहिजे: मोजणाऱ्या अभियंत्याने चराच्या काठी उभे राहून, तारीख घालून, ठिकठिकाणची खोली शाईने नोंदवावी, चुकलेला आकडा खाडाखोड न करता एका रेघेने छेदून त्याशेजारी आद्याक्षरी करावी, पुस्तिकेची पाने क्रमांकित असावीत आणि एकही पान फाटलेले नसावे, वरिष्ठ अभियंत्याने काही मोजमापे स्वतः पडताळून पाहावीत, आणि कामापूर्वीचे, काम चालू असतानाचे व काम संपल्यानंतरचे छायाचित्र दप्तरात राहावे. दाखल्यातील भौतिक प्रगतीचा रकाना याच पुस्तिकेवरून भरावयाचा असतो. तिच्यात नोंद नसताना तो रकाना देयकाच्या रकमेवरून मागाहून बसविला गेला, तर शासनास गेलेला अहवाल अंदाजाचा ठरतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात गळू लागलेला नळ त्याचे खंडन करतो.

दुसरी तपासणी रोकडवहीची. महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता, २०११ हिने ग्रामपंचायतीच्या दप्तरासाठी ३३ नमुने घालून दिले आहेत. त्यांत नमुना १ अंदाजपत्रकाचा, नमुना ५ सामान्य रोकडवहीचा, नमुना ८ कर आकारणीचा, आणि बाकीचे प्रमाणकांपासून थेट वृक्षांच्या नोंदवहीपर्यंतचे. या सगळ्यांत रोकडवही ही मूळ, कारण बाकीच्या नोंदींची रुजुवात शेवटी तिच्याशी घालावी लागते. महिनाअखेर रोकडवहीची शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातील शिल्लक यांचा ताळमेळ घेणे हे काम अर्ध्या तासाचे. परंतु तेवढ्याने किती गोष्टी उघडकीस येतात ते पाहा. समजा, योजनेच्या खात्यावर पासबुकाप्रमाणे ४,८६,१०० रुपये आहेत आणि रोकडवहीप्रमाणे ४,३२,६०० रुपये. फरक ५३,५०० रुपयांचा. शोध घेता आढळते की ४१,५०० रुपयांचा एक धनादेश पुरवठादाराने अद्याप वटविलेला नाही, आणि १२,००० रुपये व्याज बँकेने जमा केले आहे, पण रोकडवहीत ते चढलेच नाही. पहिली बाब निरुपद्रवी. दुसरी मात्र दाखल्यास बाध आणणारी, कारण अनुदानावरील व्याज हा शासनास दाखविण्याचा आकडा आहे, आणि केंद्रीय नियमांनुसार सामान्यतः ते व्याज शासनखाती परत करावयाचे असते. हाच ताळमेळ १२ महिने राहून गेला म्हणजे असे अनेक फरक एकमेकांत गुंततात आणि वर्षाअखेर कोणता आकडा खरा हे सांगणारा कोणी उरत नाही. तसलमातीचेही तसेच आहे. कामासाठी आगाऊ उचललेली रक्कम ही खर्च नव्हे. तिची प्रमाणके सादर होऊन ती समायोजित होईपर्यंत ती येणेच राहते. तरीही ती खर्चात दाखवून दाखला देण्याचा मोह मार्चमध्ये होतो, आणि पुढील लेखापरीक्षणात आक्षेप निघतो तो येथेच.

गेल्या काही वर्षांत या व्यवहाराचे साधन पालटले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज प्रणाली सुरू झाली आणि वित्त आयोगाच्या निधीतील देणी केंद्राच्या सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीतून थेट पुरवठादाराच्या खात्यावर जाऊ लागली. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांकरिता राज्यस्तरावर प्रत्येक योजनेचे एकच मध्यवर्ती खाते ठेवण्याची पद्धत आली, त्यामुळे निरनिराळ्या बँकांत पैसा पडून राहण्यास आळा बसला. ही सुधारणा मोलाची आहे. परंतु संगणकास एवढेच कळते की दोन डिजिटल स्वाक्षऱ्या झाल्या. त्या दोन माणसांनी केल्या की एकानेच दोन्ही डोंगल वापरून केल्या, हे त्यास कळत नाही. सरपंचाने आपले डोंगल आणि त्याचा पिन विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिला की दोन सह्यांचा नियम तेथेच संपतो, आणि पुढे चौकशी झाली तर मला ठाऊक नव्हते ही कैफियत त्याच्या उपयोगी पडत नाही. विशेषतः पहिल्यांदाच निवडून आलेल्या सरपंच भगिनींनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे: डोंगल आपल्याच कपाटात असावे, पिन कोणासही सांगू नये, आणि देयकाची फाइल डोळ्यांखालून गेल्याखेरीज सही उमटवू नये.

तिसरी गोष्ट मुदतीची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांनी आपले वार्षिक हिशेब आषाढ महिन्यात अक्षपटलात, म्हणजे लेखाकार्यालयात, आणून सादर करावेत असे विधान आहे, आणि वेळेवर न येणाऱ्यास दंड सांगितला आहे. म्हणजे मुदतीबाहेरचा हिशेब हा अपूर्ण हिशेब होय, ही जाणीव आपल्याकडे प्राचीन आहे. आज केंद्रीय नियमांप्रमाणे अनावर्ती अनुदानाचा दाखला आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत अपेक्षित असतो, आणि राज्य शासनाकडून जिल्हा परिषदेस मिळालेला विकासनिधी पुढील आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्च न झाल्यास तो अखर्चित म्हणून शासनास परत करावा लागतो. या मुदती पाळण्याचा उपाय एकच: मंजुरीचा आदेश हाती पडला त्याच दिवशी एका नोंदवहीत आदेशाचा क्रमांक, रक्कम, प्रयोजन, शर्ती, खर्चाची शेवटची तारीख, दाखल्याची शेवटची तारीख आणि जबाबदार माणसाचे पदनाम लिहून ठेवावे, व कार्यालयप्रमुखाने दरमहा ती वही पाहून सही करावी. ज्या कार्यालयात अशी वही खरोखर चालू असते तेथे कर्मचारी बदलून गेला तरी माहिती त्याच्याबरोबर बदलून जात नाही.

अमेरिकेत १९८४ साली स्थानिक शासनांच्या केंद्रीय अनुदानांसाठी एकत्रित लेखापरीक्षणाचा कायदा झाला, त्यातही लेखापरीक्षकाने आकडे बरोबर आहेत एवढेच न पाहता शर्ती पाळल्या गेल्या का आणि अंतर्गत नियंत्रणे कशी आहेत, हे तपासून सांगावे अशी योजना आहे. आपल्याकडे १९३० च्या अधिनियमाखाली स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा हे काम करते. जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी आणि १९६८ ची लेखासंहिता आहे. पंचायत समितीत गटविकास अधिकारी व विस्तार अधिकारी ग्रामपंचायतींची दप्तरतपासणी करतात. आणि विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येऊन लेखापरीक्षण अहवालांतील परिच्छेदांवर अधिकाऱ्यांची साक्ष घेते. तपासणाऱ्यांची वाण आहे असे म्हणता येणार नाही. मात्र हे सर्व तपासनीस घटना घडून गेल्यावर येतात. चर उघडा असतो त्या दिवशी तेथे फक्त गावचा माणूस असतो.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, आणि त्याचा विचार केलाच पाहिजे. एका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे पुष्कळदा एकाहून अधिक गावे असतात. जन्ममृत्यूच्या नोंदींपासून करवसुलीपर्यंत आणि घरकुलांपासून सर्वेक्षणांपर्यंतची कामे त्याच्या माथी असतात. त्याने ३३ नमुने लिहावेत, प्रणालीत माहिती भरावी आणि शिवाय प्रत्येक योजनेचा स्वतंत्र अहवाल पाठवावा, हे कसे व्हावे? आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर आणखी एखादे परिपत्रक काढून मिळणार नाही. एकच माहिती चार कार्यालयांनी चार वेगळ्या तक्त्यांत मागण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. रिक्त पदे भरली पाहिजेत. नव्याने आलेल्या सरपंच-सदस्यांस रोकडवही व मोजमाप पुस्तिका प्रत्यक्ष हाती देऊन वाचावयास शिकविले पाहिजे. आणि तपासणी करणाऱ्याने दोष दाखविताना तो दुरुस्त करण्याची रीतही दाखविली पाहिजे. नियंत्रणे थोडी असावीत, पण ती रोज चालणारी असावीत. दरमहा घेतलेला एक ताळमेळ आणि चर बुजण्यापूर्वी घेतलेले एक मोजमाप यांची योग्यता मार्चअखेर भरलेल्या पंचवीस तक्त्यांहून अधिक आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

आणि शेवटी हा विषय नागरिकाकडे येतो. महाराष्ट्रातील कायद्याने वर्षातून किमान ४ ग्रामसभा आवश्यक केल्या आहेत, आणि आर्थिक वर्षातील पहिल्या सभेपुढे गतवर्षीचे जमाखर्चाचे विवरण, कारभाराचा अहवाल व शेवटच्या लेखापरीक्षणातील शेरे त्यांवरील उत्तरांसह ठेवावयाचे असतात. ही सभा बहुधा १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी भरते. सोळाव्या वित्त आयोगाचा पंचवार्षिक कालखंड १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. तेव्हा नव्या अनुदानाची मागणी करण्यापूर्वी जुन्याचा हिशेब मागण्यास याहून योग्य वेळ नाही. वाचकहो, आपल्या गावच्या ग्रामसभेत उपस्थित राहा आणि शांतपणे, कोणावर संशय न घेता, तीन गोष्टी विचारा: गतवर्षी कोणकोणती अनुदाने आली व त्यांचे दाखले कोणत्या तारखेस गेले, मार्चअखेरची रोकडवहीची शिल्लक आणि बँकेची शिल्लक जुळते काय, आणि लेखापरीक्षणातील कोणते आक्षेप अद्याप अनुत्तरित आहेत. उत्तरे कार्यवृत्तात लिहून घ्या. प्रामाणिक सरपंचास आणि कर्मचाऱ्यास या प्रश्नांची भीती वाटण्याचे कारण नाही. उलट त्यांच्या सहीस यामुळे गावाचे पाठबळ मिळेल.